कारभाराच्या उंबरठ्यावरचे गुरुजी : राजा सर टी. माधवराव

१८८१ साली बडोद्यात एका अठरा वर्षांच्या तरुणासाठी एक आगळा वर्ग भरत असे. विद्यार्थ्याचे भाषा, गणित, इतिहास, भूगोल असे नेहमीचे शिक्षण आटोपत आले होते. वर्षअखेरीस त्याच्या हाती त्याचे आयुष्यातले पहिले काम पडणार होते, आणि ते काम म्हणजे एका मोठ्या संस्थानाचे राज्य. शिक्षक होते संस्थानचे दिवाण, वय वर्षे बावन्न. शिकवायचा विषय कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात नव्हता: अधिकाराच्या जागी बसल्यावर कसे ऐकावे, कसे बोलावे, कधी थांबावे, कोणावर विश्वास टाकावा आणि कोणाच्या पैशाला हात लावू नये. विद्यार्थी पुढे सयाजीराव महाराज म्हणून सर्वत्र गाजला. त्याच्या गुरूचे नाव मात्र मराठी वाचकाच्या ओठी तितक्या सहज येत नाही. ते गुरू म्हणजे राजा सर टी. माधवराव.

तंजावरचे मराठी घराणे

माधवरावांच्या नावातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे भोसल्यांचे राज्य स्थापले, तेव्हापासून कावेरीच्या काठी मराठी कारकून, पंडित, कीर्तनकार आणि कारभारी यांची वस्ती वाढत गेली. त्या वस्तीतील एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. घरात मराठी, बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी, असा तो तिहेरी संसार होता. कारभाराचा वारसाही घरचाच. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानची दिवाणगिरी केलेली होती.

मद्रासच्या सरकारी हायस्कुलात ई. बी. पॉवेल या नामांकित इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. गणित आणि भौतिक शास्त्रे हे त्यांचे आवडते विषय. १८४६ मध्ये त्यांनी उच्च श्रेणीत शिक्षण पुरे केले, काही काळ शिकवण्याचे काम केले आणि मग मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. हिशेबाच्या कचेरीतील ही उमेदवारी अल्पकाळाची होती, पण गणिताची शिस्त आणि हिशेबाची सवय यांनी पुढे त्यांच्या सगळ्या कारभाराला आकार दिला.

राजपुत्रांचा शिक्षक, मग राज्याचा दिवाण

१८४९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आतबाहेर असताना, त्यांना त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून बोलावणे आले. आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे त्यांचे शिष्य. थोरला शिष्य शिक्षकापेक्षा तीन-चारच वर्षांनी लहान होता. अशा वयात धाक उपयोगी पडत नाही. ज्याला उद्या आपल्यावर हुकमत चालवायची आहे, त्याला आज शिकवायचे, हा प्रसंग माधवरावांच्या वाट्याला आयुष्यात प्रथम इथे आला.

सुमारे चार वर्षे त्यांनी हे काम केले आणि नंतर ते संस्थानच्या महसूल खात्यात शिरले. तिथे त्यांच्या कर्तबगारीची चुणूक लवकरच दिसली. त्या काळी त्रावणकोरची स्थिती बिकट होती. खजिना रिता, नोकरांचे पगार थकलेले, लाचलुचपत बोकाळलेली. कारभार सुधारला नाही तर संस्थान खालसा होईल, अशी तंबी इंग्रज सरकारने दिलेली. १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव यांच्या निधनानंतर दिवाणगिरी माधवरावांकडे आली. त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती.

पुढील चौदा-पंधरा वर्षांत त्यांनी मिरी आणि तंबाखू यांचे सरकारी मक्ते मोडले, जाचक कर काढले, संस्थानचे कर्ज फेडले, रस्ते आणि कालवे बांधले. अधिकाऱ्यांचे पगार वाढवण्याचा त्यांचा निर्णय विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याला पोटापुरते मिळत नाही, त्याला प्रामाणिकपणाचे धडे देऊन काही साधत नाही, हे हिशेबी माणसाला उमगलेले होते. नीट वागण्याची अपेक्षा करायची, तर नीट वागणे परवडेल अशी व्यवस्था आधी हवी, हा क्रम त्यांनी पुढेही सोडला नाही. १८६६ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.

या कारकिर्दीला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. नाडार समाजातील स्त्रियांनी अंगावर वरचे वस्त्र घेण्याच्या हक्कावरून १८५९ साली दक्षिण त्रावणकोरात दंगे झाले, तेव्हा माधवरावांचा कारभार जुन्या रूढीच्या बाजूने उभा राहिला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणल्यावरच संस्थानाने तो हक्क जाहीरनाम्याने मान्य केला. कचेरीतील अन्याय ज्याला इतका स्पष्ट दिसत होता, त्याला समाजातील अन्याय तितका स्पष्ट दिसला नाही.

१८६० मध्ये थोरले शिष्य आयिल्यम तिरुनाळ गादीवर आले. शिक्षक दिवाण आणि शिष्य राजा, अशी ही जोडी बारा वर्षे चालली आणि नंतर बिनसली. १८७२ मध्ये माधवरावांना त्रावणकोर सोडावे लागले. धाकटे शिष्य विशाखम तिरुनाळ यांनी त्याच वर्षी ‘कलकत्ता रिव्ह्यू’ या नियतकालिकात आपल्या गुरूच्या कामगिरीवर विस्तृत लेख लिहिला. एका शिष्याने दूर केले, दुसऱ्याने गौरवले. शिक्षकाला दोन्ही गोष्टी एकाच वर्षी अनुभवाव्या लागल्या.

इंदूरमार्गे बडोद्याकडे

१८७३ मध्ये तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या दरबारी माधवराव इंदूरचे दिवाण झाले. दक्षिणेच्या टोकाला वाढलेला हा मराठी माणूस आता माळव्यातील मराठी राज्याचा कारभार पाहू लागला. तिथे त्यांनी दंडसंहितेच्या कामाला हात घातला. पण दोन वर्षांतच त्यांना आणखी मोठ्या कामगिरीसाठी बोलावणे आले.

बडोद्यात तेव्हा वादळ उठलेले होते. मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविरुद्ध तक्रारींचा ढीग पडला होता. त्यातच रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप महाराजांवर आला. चौकशी मंडळातील तिन्ही हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे हे ते तिघे. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाड घराण्यातील बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. तो सयाजीराव झाला, आणि तो वयात येईपर्यंतचा कारभार माधवरावांकडे सोपवण्यात आला.

शेतकरी कुटुंबातून आलेल्या या मुलाला अक्षरओळखही जेमतेम होती. एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, शिवाय इतर विषय, घोडेस्वारी आणि व्यायाम, असा भरगच्च दिनक्रम सहा वर्षे चालला. तिकडे माधवराव राज्याची घडी बसवत होते. महसुलाची इजारा पद्धत बंद झाली, न्यायालये आणि पोलीस यांची नीट रचना झाली, सरदार-शिलेदारांचे आणि सावकारांचे गुंतागुंतीचे दावे निकाली निघू लागले, शाळा-दवाखाने उघडले, बडोदा कॉलेजचा पाया घातला गेला. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना ‘राजा’ ही पदवी मिळाली. बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांमुळे स्थानिक मानकरी नाराज होते. पण राज्य मार्गावर आले, हे विरोधकही नाकारू शकत नव्हते.

‘मायनर हिंट्स’

अधिकारग्रहणाचा दिवस जवळ येऊ लागला, तसा माधवरावांपुढे एक प्रश्न उभा राहिला. मुलगा शिकला होता, पण त्याला काम ठाऊक नव्हते. पुस्तकी शिक्षण आणि प्रत्यक्ष कारभार यांच्या मध्ये जी दरी असते, ती ओलांडून देणारे कोणीतरी हवे होते. म्हणून १८८१ मध्ये राज्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपापल्या खात्यांची माहिती तरुण महाराजांना व्याख्यानांतून दिली. राज्यकर्त्याचे वर्तन आणि राज्यकारभाराची तत्त्वे हा भाग माधवरावांनी स्वतःकडे घेतला. त्यांची ही इंग्रजी व्याख्याने पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने खासगी वितरणासाठी छापली गेली. लहानसहान सूचना आणि अल्पवयीनासाठीच्या सूचना, असे दोन्ही अर्थ त्या नावात सामावतात.

या व्याख्यानांच्या पायाशी एक साधा विचार आहे. पद हे भूषण म्हणून मिळत नाही. ते कशासाठी तरी मिळते. राजाच्या बाबतीत ते प्रजेच्या सुखासाठी आहे, आणि प्रत्येक निर्णय याच एका कसोटीवर घासून पाहायचा. ही कसोटी एकदा मनात रुजली की वागण्याचे पुष्कळ नियम तिच्यातून आपोआप निघतात. माधवरावांनी मोठे सिद्धांत सांगितले, पण ते थांबले नाहीत. रोजच्या कचेरीतील बारीक प्रसंगांपर्यंत ते उतरले.

पहिला धडा ऐकण्याचा. अर्जदार आपली बाजू रंगवून सांगतो आणि नव्या अधिकाऱ्याचे मन लगेच द्रवते. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मत बनवायचे नाही आणि कागदपत्र पाहिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. घाईने दिलेले वचन मोडावे लागले तर अब्रू जाते आणि पाळावे लागले तर अन्याय होतो. म्हणून विचाराला वेळ मागून घेणे यात कमीपणा नाही. तसेच, जे देता येणार नाही त्याला सौम्य पण स्पष्ट नकार देणे हीसुद्धा शिकण्याची कला आहे. अधिकाराच्या जागी बसलेल्या तरुणाला सर्वांना खूश ठेवण्याचा मोह फार होतो, हे या अनुभवी दिवाणाने ओळखले होते.

दुसरा धडा माणसांचा. योग्य माणसे निवडावीत, त्यांना काम सोपवावे आणि मग त्या कामात विनाकारण ढवळाढवळ करू नये. दरबारात कान भरणाऱ्यांची आणि खुशमस्कऱ्यांची कधी वाण नसते. गुपचूप सांगितलेल्या चुगलीवरून अधिकाऱ्याला दोषी धरले, तर चांगले लोक निघून जातात आणि चुगलखोर तेवढे उरतात. वाड्यातील हुजरे आणि नातलग यांना राज्याच्या कामात नाक खुपसू देऊ नये, यावर माधवरावांचा विशेष कटाक्ष होता. जो न रुचणारा सल्ला देतो त्याच्यावर रुष्ट होऊ नये, हेही त्यांनी बजावले. हे सांगताना आपण स्वतःच असा सल्ला देणारे आहोत, याची जाणीव त्यांना असलीच पाहिजे.

तिसरा धडा पैशाचा. बडोद्यात राजवाड्याच्या खर्चाचे खाते ‘खानगी’ म्हणून ओळखले जात असे. हा खानगी खर्च राज्याच्या उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत राहिला पाहिजे आणि राज्याचा खजिना ही राजाची खासगी थैली नव्हे, ही रेघ त्यांनी ठळकपणे आखून दिली. मल्हाररावांच्या उधळपट्टीची आठवण ताजी असल्यामुळे निराळे उदाहरण देण्याची गरजच नव्हती.

चौथा धडा कायद्याचा. न्यायाधीशाच्या कामात राजानेही हात घालू नये. श्रीमंत-गरीब, आपला-परका यांना कायदा एकच असावा. आणि शेवटचा धडा वरिष्ठ सत्तेशी वागण्याचा. इंग्रज सरकारचा प्रतिनिधी बडोद्यात बसलेला होता. त्याच्याशी सौजन्य राखावे, भांडण ओढवून घेऊ नये, मध्यस्थ दलालांच्या नादी लागू नये. पण संस्थानचा हक्क असेल तिथे तो युक्तिवादाने आणि पुराव्यानिशी मांडावा. लाचारी आणि उद्धटपणा यांच्यामधली ही वाट अरुंद आहे. ती चुकल्यामुळे आधीच्या महाराजांचे राज्य गेले होते.

सिंहासनाचा संदर्भ बाजूला ठेवून हे धडे वाचले, तर ते कोणत्याही पहिल्या नोकरीला लागू पडतात. आज बडोद्यातून, इंदुरातून, बेळगावातून किंवा गोव्यातून पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण संगणक हाताळतो, इंग्रजी बोलतो, मुलाखतीचे प्रश्न पाठ करतो. पण सहकाऱ्याची चुगली कानावर आली तर काय करावे, कचेरीच्या पैशाचा हिशेब कसा ठेवावा, साहेबाचे म्हणणे पटले नाही तर ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे त्याला कोणी समोर बसवून सांगत नाही. ठेचा खाऊन तो हे शिकतो, आणि त्या ठेचांची किंमत त्याच्याबरोबर इतरांनाही मोजावी लागते. माधवरावांना ही किंमत ठाऊक होती. त्यांच्या विद्यार्थ्याच्या ठेचा लाखो रयतेला लागणार होत्या. म्हणून त्यांनी शिकवण्याचे काम पहिल्या दिवसाच्या आधी उरकले.

शिष्याने घेतलेला निरोप

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले. त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी, १८८२ मध्ये, माधवरावांनी बडोद्याची दिवाणगिरी सोडली. महाराज आणि दिवाण यांच्यात कारभाराच्या काही बाबींवरून मतभेद झाले होते. तरुण राजाला प्रत्येक खाते स्वतः तपासायचे होते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. आपल्या अल्पवयाच्या काळात इंग्रज सरकारशी झालेल्या काही व्यवहारांबद्दलही ते पुढे समाधानी राहिले नाहीत. सात वर्षे एकहाती राज्य चालवलेल्या दिवाणाला दुय्यम जागा मानवणे अवघड होते.

त्रावणकोरनंतर दुसऱ्यांदा माधवरावांना आपल्याच विद्यार्थ्याच्या राज्यातून बाहेर पडावे लागले. वरवर पाहता हे अपयश वाटते. गुरूचा सल्ला ऐकायला शिकवलेल्या शिष्याने गुरूलाच रजा द्यावी, यात कडवटपणाही आहे. पण सयाजीरावांच्या पुढील कारकिर्दीकडे पाहिले, की या घटनेचा अर्थ बदलतो. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोगादाखल सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये सर्व राज्यात लागू केले. १८९० मध्ये कलाभवन स्थापून तरुणांना हस्तकौशल्य आणि यंत्रविद्या शिकण्याची सोय केली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. माधवरावांना सामाजिक सुधारणेत जे जमले नव्हते, त्या वाटेवर त्यांचा शिष्य बराच पुढे गेला. आणि तरीही नियमांनी बांधलेला कारभार, पारखून घेतलेले अधिकारी, प्रजेच्या हिताची कसोटी ही गुरूने घातलेली चौकट बडोद्यात टिकून राहिली.

कामाची रीत शिकवणाऱ्याला हे पत्करावेच लागते. विद्यार्थ्याला स्वतः विचार करायला शिकवले, की एके दिवशी तो शिक्षकाविरुद्धही विचार करतो. जो कायम आपल्यावर अवलंबून राहील असा शिष्य घडवणे दिवाणाच्या पदासाठी सोयीचे ठरले असते, पण राज्यासाठी नव्हे. माधवरावांनी आपल्या व्याख्यानांत राजाला परावलंबी करणारी वाट धरली नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी साक्ष आहे.

अखेरची वर्षे

बडोदा सोडल्यावर माधवराव मद्रासला स्थायिक झाले. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे मतभेद होऊन ते त्या चळवळीपासून दूर झाले. उरलेला वेळ वाचन आणि लेखन यांत जाई. वृत्तपत्रांतून ते टोपणनावाने नाना विषयांवर लिहीत. याच काळात ‘नेटिव्ह थिंकर’ या टोपणनावाने त्यांनी लहान मुलांच्या संगोपनाविषयी आणि वळणाविषयी एक पुस्तिका लिहिली. राजपुत्रांपासून सुरू झालेला त्यांच्या शिकवणीचा प्रवास असा शेवटी सामान्य घरातील लेकरांपर्यंत पोहोचला. कचेरीतील वागण्याची मुळे घरातील वळणात असतात, हे त्यांना उतारवयात अधिक जाणवले असावे.

४ एप्रिल १८९१ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव आनंदराव पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, तर चुलतबंधू रघुनाथराव यांनी इंदूरची दिवाणगिरी केली. कारभार हा या मराठी घराण्याचा जणू कुळाचारच होता.

तिरुवनंतपुरम शहरात, माधवरावांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या सचिवालयाच्या समोर, त्यांचा पुतळा आहे. तो चौक ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखला जातो. रोज हजारो लोक ते नाव घेतात, बसच्या पाटीवर ते वाचतात, पण पुतळा कोणाचा, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. समोरच्या सचिवालयात दरवर्षी नवे कारकून आणि नवे अधिकारी पहिल्या दिवसाच्या हजेरीला येतात. राजांना त्यांच्या पहिल्या दिवसासाठी तयार करणारा शिक्षक तिथेच रस्त्याच्या कडेला उभा असतो.